गोड्या पाण्यातल्या माशांच्या शरीरात जड धातू कसे साठतात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझं काम माशांच्या अवयवांतले धातू मोजण्याचं आहे हे कळलं, की समोरचा माणूस पहिल्यांदा हेच विचारतो: "मग या नदीतला मासा खाल्ला तर चालेल का?" मला त्याचं उत्तर हो किंवा नाही असं एका शब्दात देता येत नाही. कोणता धातू, माशाचा कोणता अवयव, कोणत्या जातीचा आणि किती वयाचा मासा, एवढं कळलं की उत्तराला आकार यायला लागतो. नेहमी येणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण ते मुद्दे दोन ओळींत सांगितले की गैरसमजच वाढतात.

जड धातू म्हणजे नेमके कोणते?

पारा, कॅडमियम, शिसे, क्रोमियम, निकेल, तांबे, जस्त ही नावं नेहमी येतात. आर्सेनिक हा काटेकोरपणे बघितलं तर धातू नव्हे, उपधातू आहे, पण त्याचा अभ्यास याच यादीत होतो. 'जड' या शब्दाची रसायनशास्त्रात सर्वमान्य व्याख्या नाही. कोणी घनता बघतं, कोणी अणुभार बघतं, कोणी विषारीपणा बघतं. रसायनशास्त्रज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने प्रसिद्ध केलेल्या २००२ सालच्या एका अहवालात तर हा शब्द अर्थहीन आहे, असंच म्हटलं होतं.

माशाच्या दृष्टीने यापेक्षा उपयोगी विभागणी वेगळी आहे. जस्त आणि तांबे शरीराला लागतात, विकरं त्यांच्याशिवाय चालत नाहीत. त्यामुळे ते किती घ्यायचे आणि किती बाहेर टाकायचे याची व्यवस्था माशाकडे जन्मापासून असते. पारा, कॅडमियम आणि शिसे यांचा शरीराला काहीच उपयोग नाही. त्यांच्यासाठी वेगळी व्यवस्था नाही, आणि ते साठतात याचं मोठं कारण हेच आहे.

पाण्याच्या तपासणीत धातू जेमतेम सापडतो, मग माशात एवढा कुठून येतो?

आकड्यांत बघू. एखाद्या तलावाच्या पाण्यात मिथाइल पारा, म्हणजे कार्बनचा गट जोडला गेलेला पारा, लिटरमागे ०.१ नॅनोग्रॅम आहे असं समजा. हे प्रमाण इतकं कमी आहे की ते मोजायला खास स्वच्छ खोली आणि अतिसंवेदनशील उपकरण लागतं. त्याच तलावातल्या मोठ्या शिकारी माशाच्या मांसात किलोमागे ०.३ मिलिग्रॅम पारा मिळणं मुळीच नवलाचं नाही. ०.३ मिलिग्रॅम म्हणजे ३,००,००० नॅनोग्रॅम. भागाकार केला की ३० लाख पट येते.

ही वाढ एका उडीत होत नाही. सगळ्यात मोठी उडी लोकांच्या लक्षातच येत नाही, कारण ती डोळ्यांना न दिसणाऱ्या जीवांमध्ये होते. पाण्यातून सूक्ष्म शेवाळात जातानाच मिथाइल पारा हजारो ते लाखो पट घट्ट होतो. तिथून पुढे प्राणिप्लवक (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म प्राणी), लहान मासा, मोठा मासा अशा प्रत्येक पायरीवर तो साधारण तीन ते दहापट वाढतो. म्हणून 'पाणी तपासलं, ठीक आहे' एवढ्यावर माशांबद्दल निश्चिंत होता येत नाही.

धातू माशाच्या शरीरात शिरतो कुठून?

वाटा दोन: कल्ले आणि आतडं. खवले आणि त्यावरचा चिकट थर असल्यामुळे कातडीतून फार थोडा धातू आत जातो.

कल्ल्यांबद्दल सविस्तर सांगायला हवं, कारण गोड्या पाण्यातल्या माशाची सगळी गोष्ट तिथे दडलेली आहे. या माशाचं रक्त भोवतालच्या पाण्यापेक्षा कितीतरी खारट असतं. त्यामुळे पाणी सतत आत शिरत राहतं आणि क्षार बाहेर झिरपत राहतात. आत आलेलं पाणी तो भरपूर पातळ लघवी करून बाहेर टाकतो. गमावलेले क्षार मात्र त्याला पाण्यातून वेचून परत मिळवावे लागतात. हे वेचण्याचं काम कल्ल्यांमधल्या खास पेशी रात्रंदिवस करतात. सोडियमसाठी एक मार्ग, कॅल्शियमसाठी दुसरा. समुद्रातला मासा याच्या उलट, तो पाणी पितो आणि जादा क्षार बाहेर टाकतो.

आता कॅडमियमचा आयन आकाराने आणि भाराने कॅल्शियमच्या जवळपास असतो. शिशाचाही तसाच कॅल्शियमशी घोटाळा होतो. तांबे सोडियमच्या मार्गाने आत जाऊ शकतं. म्हणजे कल्ल्याला धातू नुसता चिकटत नाही. मासा जगण्यासाठी ज्या पेशींनी क्षार गोळा करतो, त्याच पेशी क्षार समजून त्याला आत ओढून घेतात. त्यात कल्ल्याची रचनाही धातूच्या पथ्यावर पडते. प्राणवायू घेता यावा म्हणून कल्ल्यांचं क्षेत्रफळ प्रचंड असतं, आणि पाणी व रक्त यांच्यामध्ये काही मायक्रोमीटरचाच पडदा असतो.

आत शिरलेला धातू तिथलं कामही बिघडवतो. कॅडमियम कॅल्शियम पुढे ढकलणाऱ्या पंपाला अडवतं, त्यामुळे रक्तातलं कॅल्शियम घसरतं. तांबे आणि चांदी सोडियमच्या पंपाला अडवतात. तांब्याची तीव्र बाधा झालेला मासा मरतो तो बहुतेक वेळा अंगातलं मीठ निघून गेल्यामुळे.

दोन तलावांत धातू सारखाच असेल, तर मासेही सारखेच बाधित होतील का?

नाही. पाण्यात एकूण धातू किती यापेक्षा त्यातला मोकळा आयन किती, हे जास्त महत्त्वाचं.

जड पाण्यात, म्हणजे कॅल्शियम आणि मॅग्नेशियम भरपूर असलेल्या पाण्यात, कल्ल्यांच्या मार्गावर कॅल्शियमचीच गर्दी असते आणि कॅडमियमला वाव कमी मिळतो. मऊ पाण्यात तेवढंच कॅडमियम कितीतरी जास्त घातक ठरतं. पाण्यात कुजलेल्या पाल्यापाचोळ्यापासून आलेले सेंद्रिय पदार्थ असतील, तर ते तांब्यासारख्या धातूला धरून ठेवतात आणि कल्ल्यांपर्यंत पोचू देत नाहीत. पाणी आम्लधर्मी झालं की गाळाला चिकटलेला धातू सुटून मोकळा होतो. पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी विरघळतो, मासा कल्ल्यांवरून जास्त पाणी फिरवतो आणि त्याबरोबर जास्त धातू कल्ल्यांना लागतो.

म्हणूनच अनेक देशांच्या पाणी मानकांत कॅडमियम, शिसे किंवा जस्ताची मर्यादा एका ठरावीक आकड्यात नसून पाण्याच्या जडपणानुसार बदलती असते. हे शहाणपणाचं आहे, आणि जिथे तसं नाही तिथेही व्हायला हवं असं माझं स्पष्ट मत आहे.

खाण्यातून किती जातो?

धातूवर अवलंबून आहे. मिथाइल पाऱ्याचा मुख्य रस्ता अन्न हाच, आणि पोटात गेलेल्यापैकी ८० टक्क्यांहून अधिक सहज शोषला जातो. साधा, असेंद्रिय पारा त्या मानाने थोडाच शोषला जातो. कॅडमियम आणि शिसे यांचाही मोठा भाग विष्ठेवाटे निघून जातो. तळाचा गाळ चाळून खाणाऱ्या माशांच्या पोटात मात्र धातूने भरलेला चिखल सतत येत असतो, त्यामुळे थोडं थोडं शोषण होऊनही भर पडत राहते.

आत गेलेला धातू शरीरात कुठे जाऊन बसतो?

प्रत्येक धातूची जागा वेगळी.

कॅडमियम यकृतात आणि मूत्रपिंडात जातं. एकाच माशाच्या मूत्रपिंडातलं कॅडमियम त्याच्या मांसातल्या कॅडमियमच्या शेकडो पट असू शकतं. शिसे कॅल्शियमच्या वाटेने आलेलं असतं, म्हणून ते कॅल्शियम जिथे जातं तिथे, म्हणजे हाडांत आणि खवल्यांत मुरतं. शिवाय कल्ल्यांत आणि मूत्रपिंडातही सापडतं. तांब्याचं कोठार म्हणजे यकृत. जस्त सगळीकडे असतं, पण मांसात त्याची पातळी मासा जवळजवळ स्थिर ठेवतो. त्यामुळे मांसातलं जस्त मोजून प्रदूषण ठरवायला जाणं व्यर्थ आहे. आणि मिथाइल पारा सरळ मांसात, स्नायूंत जातो.

अवयवांवरून वेळेचाही अंदाज येतो. कल्ल्यांतला धातू गेल्या काही दिवसांतल्या पाण्याबद्दल सांगतो, कारण मासा स्वच्छ पाण्यात गेला की कल्ल्यांतलं प्रमाण लवकर उतरतं. यकृत आणि मूत्रपिंड महिन्यांचा हिशोब ठेवतात. हाडं आणि खवले वर्षांचा. सकाळी कारखान्याने काही सोडलं का हे शोधायचं असेल, तर हाड तपासून काय मिळणार? आणि दहा वर्षांचा इतिहास हवा असेल, तर नुसते कल्ले पुरणार नाहीत. अवयव निवडताना आधी आपला प्रश्न पक्का करावा लागतो.

यकृतात आणि मूत्रपिंडातच का?

तिथे मेटॅलोथायोनिन नावाचं छोटं प्रथिन तयार होतं. १९५७ साली घोड्याच्या मूत्रपिंडात कॅडमियमला बांधून ठेवणारं प्रथिन म्हणून त्याचा शोध लागला. जेमतेम ६० अमिनो आम्लांची ही साखळी, पण त्यातली तब्बल २० सिस्टीन, म्हणजे गंधक असलेली. गंधक आणि धातू यांचं फार जमतं. एक रेणू कॅडमियम किंवा जस्ताचे सात अणू बांधून ठेवतो.

धातू वाढला की यकृत हे प्रथिन जास्त बनवायला लागतं. बांधलेला धातू पेशीत असूनही फारसा त्रास देत नाही. म्हणून यकृतात पुष्कळ कॅडमियम असलेला मासाही व्यवस्थित पोहताना दिसतो. याची दुसरी बाजू अशी, की बांधलेला धातू बाहेर जाण्याचा मार्गही मंदावतो. ज्या व्यवस्थेमुळे मासा वाचतो, तिच्यामुळेच तो धातूचं कोठार बनतो. आणि आवक इतकी वाढली की प्रथिन अपुरं पडतं, तेव्हा मोकळा धातू विकरांना आणि पेशींच्या आवरणांना धरतो आणि खरा बिघाड सुरू होतो.

पाऱ्याची एवढी वेगळी चर्चा का?

कारण त्याचं वागणं खरंच वेगळं आहे.

कोळसा जाळल्यामुळे, सोन्याच्या लहान खाणींमुळे, जुन्या कॉस्टिक सोडा कारखान्यांमुळे जो पारा हवेत आणि पाण्यात येतो, तो असेंद्रिय असतो. तो तलावाच्या तळाशी जातो. तिथे प्राणवायू नसलेल्या गाळात राहणारे काही जीवाणू, मुख्यतः सल्फेट वापरून जगणारे, त्या पाऱ्याला कार्बनचा एक गट जोडतात. तो झाला मिथाइल पारा. गाळातले सूक्ष्मजीव हे काम करतात हे १९६९ साली स्वीडनमधल्या संशोधकांनी दाखवलं. त्याआधी १९६६ साली तिथल्याच गुनेल वेस्तॉ यांनी माशांतला पारा बहुतेक सगळा मिथाइल रूपातच असतो, हे दाखवून दिलं होतं. जीवाणूंना ही क्षमता देणाऱ्या जनुकांची जोडी मात्र २०१३ साली सापडली. म्हणजे मधल्या ४४ वर्षांत परिणाम समोर होता, यंत्रणा अंधारात होती.

मिथाइल पारा सिस्टीनला जोडला गेला की तो रेणू मेथिओनिन या अमिनो आम्लासारखा दिसतो. शरीर अमिनो आम्लं जिथे जिथे पोचवतं, तिथे तिथे तोही पोचतो: स्नायूंत, मेंदूत, अंड्यांत. माणसाच्या बाबतीत वारेतून गर्भापर्यंतही. माशाच्या शरीरातून तो इतका सावकाश बाहेर पडतो की निम्मा व्हायला अनेकदा वर्षाहून जास्त काळ लागतो. माणसात हाच काळ साधारण ५० दिवसांचा आहे.

याची किंमत माणसांनी मोजली आहे. जपानमधल्या मिनामाता इथली बाधा १९५६ साली अधिकृतपणे नोंदली गेली. ती समुद्राच्या उपसागरातली होती. गोड्या पाण्यातलं उदाहरण कमी लोकांना माहीत आहे: १९६५ साली त्याच देशात निइगाता प्रांतातल्या आगानो नदीकाठी तोच आजार उघड झाला. कारखाना नदीच्या बऱ्याच वरच्या भागात होता. आजारी पडले ते खालच्या भागात नदीतले मासे रोज खाणारे लोक. कॅनडातल्या ओंटारियोमध्ये १९६० च्या दशकात एका कागद कारखान्याच्या रसायन विभागातून वाबिगून नदीत काही टन पारा गेला. १९७० साली तिथली व्यावसायिक मासेमारी बंद करावी लागली, आणि त्या नदीवर जगणाऱ्या आदिवासी समाजाचं जेवण, रोजगार आणि आरोग्य एकदमच हिरावलं गेलं. अर्धं शतक उलटूनही तिथल्या माशांतला पारा नेहमीच्या पातळीला आलेला नाही. या विषयावर लिहिताना मला या लोकांची आठवण सुटत नाही. पाऱ्याबद्दल आज आपण जे खात्रीने सांगतो, त्यातलं बरंचसं त्यांच्या शरीरांवरून कळलेलं आहे.

सगळेच धातू अन्नसाखळीत वर वर वाढत जातात ना?

नाही. हा गैरसमज शाळेच्या पुस्तकांतल्या चित्रांनी पक्का केला आहे. पायरीगणिक ठामपणे वाढतो तो मिथाइल पारा. कॅडमियम, शिसे, आर्सेनिक यांचं प्रमाण माशांच्या साखळीत वर जाताना बहुतेकदा घटतं. शेवाळात आणि तळाच्या किड्यांत हे धातू जास्त, शिकारी माशाच्या मांसात कमी, असंच चित्र बहुधा दिसतं. पाण्यातून किंवा अन्नातून एका जीवात धातू साठणं म्हणजे जैवसंचय, आणि पायरीगणिक तो वाढत जाणं म्हणजे जैववर्धन. पहिलं सगळ्या धातूंना लागू होतं, दुसरं सगळ्यांना होत नाही.

मोठ्या माशात धातू जास्त असतो हे खरं का?

पाऱ्यासाठी खरं. मोठा मासा जास्त जगलेला असतो, जास्त मासे खाल्लेला असतो आणि पारा बाहेर टाकण्याचा वेग मंद असतो. पण वय आणि आकार हे एक नव्हेत. भरपूर खाणं मिळालेला मासा भरभर वाढला तर त्याच्या मांसात पारा पातळ होतो. उपाशीपोटी कुढत वाढलेला, त्याच लांबीचा मासा वयाने मोठा असतो आणि त्यात पारा जास्त निघतो. हिवाळ्यात मासा रोडावतो तेव्हाही मांस घटतं, पारा तसाच राहतो, आणि किलोमागचं प्रमाण वाढलेलं दिसतं.

तांबे, जस्त यांसारख्या धातूंबाबत लहान मासेही पुढे असू शकतात, कारण त्यांच्या शरीराच्या वजनाच्या मानाने कल्ल्यांचं क्षेत्रफळ आणि चयापचय दोन्ही जास्त.

आमच्या भागात कारखाना नाही, नवीन धरण झालं आहे. मग चिंता कशाला?

कारण बुडालेली जमीन. झाडं, गवत, मातीचा वरचा थर पाण्याखाली गेला की तो कुजायला लागतो, तळाचा प्राणवायू संपतो, आणि मातीत आधीपासूनच असलेल्या पाऱ्याचा मिथाइल पारा करणाऱ्या जीवाणूंची चंगळ होते. कॅनडातल्या मॅनिटोबा आणि क्वेबेकमधल्या मोठ्या जलाशयांत १९७० च्या दशकापासून हे नोंदलं गेलं आहे. शिकारी माशांतला पारा पाणी भरल्यावर काही वर्षं चढत जातो, आणि मूळ पातळीला यायला २० ते ३० वर्षं लागू शकतात. कुठेही एक थेंब सांडपाणी न सोडता हे घडतं. पाणी अडवण्याच्या प्रकल्पांत हा मुद्दा अजूनही मागे पडतो, याचं मला वाईट वाटतं.

माशाकडे बघून, वास घेऊन धातू ओळखता येतो का?

मांसातला पारा अजिबात नाही. रंग, वास, चव, ताजेपणा यांपैकी कशातही फरक पडत नाही. पाणी नितळ आहे यावरूनही काही ठरत नाही. उलट मऊ, किंचित आम्लधर्मी, स्वच्छ दिसणाऱ्या तलावांतच पारा जास्त सापडल्याची पुष्कळ उदाहरणं आहेत.

तीव्र बाधेची लक्षणं दिसतात. कल्ल्यांवर चिकट स्राव साचतो, मासा पृष्ठभागावर येऊन धापा टाकतो. शिशाच्या दीर्घ बाधेत ट्राउटची शेपटी काळवंडते आणि पाठीचा कणा वाकतो. तांब्याचा एक परिणाम मात्र बाहेरून दिसत नाही, आणि मला तो सर्वांत जास्त अस्वस्थ करतो: लिटरमागे काही मायक्रोग्रॅम तांबे माशाची वास घेण्याची क्षमता बोथट करू शकतं. मासा मरत नाही, पण शत्रूचा वास येत नाही, आणि जन्माच्या ओढ्याकडे परतायची वाट सापडत नाही.

धुऊन, शिजवून, तळून धातू जातो का?

नाही. धातू हा मूलद्रव्य आहे, उष्णतेने तो नष्ट होत नाही. शिजवताना मांसातलं पाणी उडतं, त्यामुळे शिजलेल्या तुकड्यात किलोमागे पारा उलट थोडा जास्त भरतो.

यकृत, मूत्रपिंड, कल्ले, आतडी काढून टाकली तर कॅडमियम आणि शिसे यांचा मोठा वाटा जातो, म्हणून साफ करणं नक्कीच उपयोगी. पाऱ्यासाठी याचा फायदा नगण्य, कारण तो मांसातच असतो. कातडी आणि चरबी काढा हा सल्लाही तुमच्या कानावर आला असेल. तो चरबीत साठणाऱ्या सेंद्रिय रसायनांसाठी बरोबर आहे. मिथाइल पारा प्रथिनाला धरून बसतो, चरबीला नाही.

मग किती खाल्लं तर चालतं?

जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या संयुक्त तज्ज्ञ समितीने २००३ साली मिथाइल पाऱ्याची मर्यादा सुचवली: शरीराच्या वजनाच्या दर किलोमागे आठवड्याला १.६ मायक्रोग्रॅम. ६० किलो वजनाच्या माणसाला आठवड्याला ९६ मायक्रोग्रॅम. माशात किलोमागे ०.५ मिलिग्रॅम पारा असेल, तर सुमारे १९० ग्रॅम मांसातच ही मर्यादा गाठली जाते. माशात ०.१ मिलिग्रॅम असेल, तर तेवढ्याच पाऱ्यासाठी सुमारे ९६० ग्रॅम मांस लागेल. युरोपातल्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१२ साली ही मर्यादा १.३ पर्यंत खाली आणली. ही मर्यादा ठरवताना पोटातल्या बाळाच्या मेंदूची वाढ डोळ्यांसमोर ठेवली होती. म्हणून गरोदर आणि स्तनपान करणाऱ्या स्त्रियांनी आणि लहान मुलांनी मोठे शिकारी मासे टाळावेत. मासे खाणं सोडू नये. लहान, लवकर वाढणारे, शेवाळ आणि प्लवक खाणारे मासे खावेत.

शिशासाठी याच समितीने २०१० साली जुनी मर्यादा मागे घेतली, आणि तिच्या जागी नवी दिली नाही. मुलांच्या बुद्धीवर परिणाम होणार नाही अशी सुरक्षित पातळीच दाखवता येत नव्हती.

एक खुलासा. युरोपच्या नियमांत अनेक माशांच्या मांसासाठी पाऱ्याची मर्यादा किलोमागे ०.५ मिलिग्रॅम आहे, काहींसाठी ०.३, आणि पाइकसारख्या शिकारी माशासाठी १. याचा अर्थ पाइकमधला पारा कमी अपायकारक आहे असा कोणी काढू नये. त्या जातीत तो मुळातच जास्त असतो आणि कायद्याने ते वास्तव धरून चालायचं ठरवलं, एवढंच.

तपासणीचा अहवाल हातात आला, तर आधी काय बघायचं?

ओलं वजन की कोरडं वजन, हे पहिलं. ताज्या मांसात ७५ ते ८० टक्के पाणी असतं. अहवालात कोरड्या वजनावर १.५ मिलिग्रॅम लिहिलं असेल, तर ओल्या वजनावर ते जेमतेम ०.३ ते ०.४ भरतं. खाण्याच्या मर्यादा ओल्या वजनावर असतात. कोरड्या वजनाचा आकडा ओल्या मर्यादेशी जोडून भीतीचे मथळे झालेले मी पाहिले आहेत, आणि उलट बाजूने खरा धोका दडपला गेलेलाही.

मग अवयव. यकृतातला आकडा मांसाच्या मर्यादेशी ताडून बघू नका. मग माशांची लांबी आणि संख्या: एका जागचे मोठे आणि दुसऱ्या जागचे लहान मासे घेतले असतील, तर त्या दोन जागांची तुलनाच होत नाही. पूर्ण मासा दळून तपासला असेल, तर पोटातला गाळही त्यात आला का, हे विचारा.

नमुन्यासाठी मासा मारावाच लागतो का?

यकृत किंवा मूत्रपिंड हवं असेल तर हो. पाऱ्यासाठी पाठीच्या स्नायूचा लहानसा तुकडा सुईने काढून किंवा पराचा कोपरा कापून काम भागतं, आणि मासा परत सोडता येतो. दुर्मीळ जातींसाठी हीच पद्धत वापरली जावी असं मला मनापासून वाटतं.

तळ्यात पाळलेला मासा सुरक्षित असतो का?

पाऱ्याच्या बाबतीत बहुधा हो, कारण तो भरभर वाढतो आणि लवकर काढला जातो. खाद्यात काय आहे आणि तळ्यात कुठलं पाणी येतं, यावर बाकीचं ठरतं.

प्रदूषण आज थांबलं, तर मासे कधी सुधारतील?

या प्रश्नाला आता प्रत्यक्ष प्रयोगाचं उत्तर आहे. कॅनडातल्या ओंटारियोमध्ये संशोधनासाठी राखून ठेवलेल्या तलावांपैकी एकात, ६५८ क्रमांकाच्या तलावात, २००१ ते २००७ अशी सात वर्षं संशोधकांनी पाऱ्याचे ओळखू येणारे समस्थानिक (वजनात किंचित वेगळे असलेले पाऱ्याचेच अणू) अगदी थोड्या प्रमाणात सोडले. त्यामुळे नवा पारा आणि जुना पारा माशाच्या मांसात वेगवेगळा मोजता आला. भर घालणं बंद केल्यावर प्लवकांत आणि लहान माशांत नवा पारा झपाट्याने घटला. मोठ्या माशांतही पुढच्या आठ वर्षांत मोठी घट दिसली, पण ती आली मुख्यतः कमी पारा असलेलं अन्न खाऊन वाढलेल्या नव्या पिढ्यांमुळे. जुन्या माशांच्या अंगातून पारा फारसा निघाला नव्हता.

हवेतून येणाऱ्या पाऱ्याबाबत हे आशादायक आहे. तळाशी वर्षानुवर्षं साचलेल्या धातूचं तसं नाही. वाबिगूनसारख्या नदीत वरून येणारा पारा थांबला, तरी गाळ स्वतःच पुरवठा करत राहतो. गाळ उपसावा, तर ढवळल्यामुळे गंधकाला बांधलेले कॅडमियम, जस्त, शिसे सुटून पाण्यात येऊ शकतात. न उपसावा, तर तो तिथेच. काही ठिकाणी स्वच्छ वाळूचा थर पसरून गाळ झाकतात. कुठे काय करायचं हे त्या तळाची खोली, प्रवाह आणि धातू कुठल्या रूपात आहे ते मोजूनच ठरतं. आणि त्या सगळ्या काळात, जुन्या शिकारी माशांच्या पाठीच्या स्नायूत, पंधरा-वीस वर्षांपूर्वीचा पारा तसाच पोहत असतो.